स्टेअरिंग मधूनच जड होतंय आणि गॅरेजवाला कॉलम बदला म्हणतोय? आधी हे तपासा

सकाळी बिल्डिंगखालून गाडी काढताना स्टेअरिंग एकदम दगड, मीटरवर स्टेअरिंगचा पिवळा दिवा, गाडी बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. मग आठ दिवस काही नाही, नवव्या दिवशी परत तेच. हे माझ्या गाडीला दोन पावसाळे चाललं होतं. गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, विक्रोळीला कन्नमवार नगरात उघड्यावर उभी असते, खाडी जवळ असल्याने लोखंडाला गंज इथे पटकन धरतो (हे नंतर महत्त्वाचं ठरलं म्हणून सांगतोय). आता वर्ष होऊन गेलं, एकदाही दिवा लागला नाही, खर्च झाला साडेपाचशे रुपये. पण त्याआधी एक नवीन बॅटरी बसली, तिची गरजच नव्हती, आणि २८,००० चं स्टेअरिंग कॉलमचं (स्टेअरिंगपासून खाली जाणारा दांडा, त्याच्या मोटरसकट) कोटेशन हातात आलं होतं. ते पैसे मी भरणारच होतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण असं येऊन-जाऊन असणारं दुखणं असलेल्या गाड्या बऱ्याच असणार आणि प्रत्येकाला कोणीतरी कॉलम नाहीतर रॅक (चाकं वळवणारा खालचा दांडा) बदलायला सांगत असणार.

सगळ्यात आधी तुमच्या गाडीत कुठलं पॉवर स्टेअरिंग आहे ते बघा, कारण दोन प्रकार आहेत आणि दोघांचे आजार वेगळे. बोनेट उघडा, स्टेअरिंगचं चित्र असलेल्या झाकणाची छोटी डबी दिसली तर हायड्रॉलिक, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप, ऑइल, होजपाइप आणि रॅक. जुनी इनोव्हा, बोलेरो अशा गाड्यांमध्ये हे असतं. डबी नसेल आणि चावी ऑन केल्यावर मीटरवर स्टेअरिंगचा दिवा लागून इंजिन चालू झाल्यावर विझत असेल तर इलेक्ट्रिक, म्हणजे ईपीएस, काही कंपन्या त्याला एमडीपीएस म्हणतात. आजकालच्या छोट्या गाड्यांमध्ये हेच असतं, मोटर डॅशबोर्डच्या खाली स्टेअरिंग कॉलमवर बसलेली असते आणि त्यात ऑइलचा एक थेंबही नसतो. तरी मला एका ठिकाणी स्टेअरिंग ऑइल बदलून घ्या म्हणाले होते, तिथून मी सरळ गाडी काढली.

आता जे काम फुकट आहे आणि कोणी करत नाही ते. एक छोटी वही किंवा फोनमधली नोट उघडा आणि प्रत्येक वेळी स्टेअरिंग जड झालं की लिहा, तारीख, वेळ, पाऊस होता का, गाडी उभी होती की चालत होती, एसी, हेडलाइट, वायपर यातलं काय चालू होतं, दिवा लागला की नाही, दोन्ही बाजूला जड की एकाच बाजूला, बंद-चालू केल्यावर गेलं का. गॅरेजमध्ये गाडी नेली की ती शहाण्यासारखी वागते हा सगळ्यांचा अनुभव आहे, मग मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतो, त्याचाही नाइलाज असतो. माझ्या नोटमध्ये सात नोंदी झाल्यावर चित्र स्पष्ट दिसायला लागलं, सातपैकी सहा वेळा गाडी जागेवर उभी किंवा अगदी हळू, एसी चालू, वायपर आणि हेडलाइट चालू, आणि मी पार्किंगमध्ये फुल टर्न मारत होतो. हायवेवर एकदाही नाही. म्हणजे जेव्हा इंजिन आयडलला (रेस न देता नुसतं चालू) आहे आणि करंट खाणारं सगळं एकदम चालू आहे तेव्हाच. कॉलम खरंच खराब असता तर त्याला वायपरशी काय देणंघेणं.

यात एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे पार्किंग म्हणजे दोन गाड्यांच्या मधे पाच-सहा वेळा पुढे-मागे, प्रत्येक वेळी इकडून तिकडे फुल टर्न, तेही गाडी जागेवर उभी असताना. असं भरपूर वेळा केलं की ईपीएसची मोटर तापते आणि कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा छोटा कॉम्प्युटर, मुद्दाम ताकद कमी करतो, मोटर जळू नये म्हणून. स्टेअरिंग हळूहळू जड होत जातं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत हलकं. हा बिघाड नाही, त्यावर खर्च करू नका, फक्त सवय बदला, गाडी जराशी हलत असताना स्टेअरिंग फिरवा. माझं तसं नव्हतं, पहिल्याच वळणाला थंड गाडीत व्हायचं आणि एकदम व्हायचं.

इलेक्ट्रिक असो की हायड्रॉलिक, काही गोष्टी दोघांनाही लागू, आणि त्या आधी उरकून घ्या. पहिली हवा. पुढच्या दोन टायरमध्ये हवा कमी असेल तर स्टेअरिंग जड होणारच, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो त्याच्यावर आकडा बघा आणि थंड टायरला भरा, पंपावर समोरचा विचारतो किती आणि आपण तीस-पस्तीस काहीतरी सांगतो तसं नको. दुसरी, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) नुकतंच करून घेतलं आणि त्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर परत त्याच्याकडेच जा, काही गाड्यांमध्ये अलाइनमेंट किंवा स्टेअरिंगचं काम झाल्यावर स्टेअरिंग किती फिरलंय ते सांगणाऱ्या अँगल सेन्सरचं झिरो सेटिंग स्कॅनरने करावं लागतं.

तिसरी टेस्ट सगळ्यात कामाची. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा म्हणजे पुढची दोन्ही चाकं हवेत, इंजिन बंद, चावी फक्त लॉक उघडेल इतकी फिरवलेली, आणि स्टेअरिंग हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चाकांवर वजन नाही, त्यामुळे ते गुळगुळीत फिरायला पाहिजे, पॉवर नसल्याने थोडं जड लागेल पण एकसारखं. जर प्रत्येक अर्ध्या फेरीला त्याच जागेवर घट्ट-सैल-घट्ट लागत असेल तर कॉलम आणि रॅकच्या मधल्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय, मेकॅनिक याला क्रॉस म्हणतात. मुंबईच्या हवेत, पावसाचं पाणी लागून लागून हे खूप होतं, आणि तो जॉइंट कॉलमच्या किमतीच्या मानाने काहीच नाही. फिरवताना स्प्रिंगमधून टंग असा आवाज येऊन उडी मारल्यासारखं होत असेल किंवा वळण झाल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर स्ट्रटचं (पुढच्या चाकाच्या शॉकअपचं) वरचं बेअरिंग बघा. हे सगळं मोकळं आहे, तरी रस्त्यावर जड होतंय, तर मग दोष पॉवरच्या भागात आहे. घरी गाडीच्या जॅकवर हा प्रकार करू नका, तो जॅक फक्त स्टेपनी बदलायला आहे.

आता माझ्या आजाराकडे. पहिल्या गॅरेजने बॅटरी चार वर्षांची आहे म्हणून बदलली. ईपीएसचा त्रास असला की बॅटरीकडे बघणं चुकीचं नाही, कारण ही मोटर जागेवर फुल टर्नला काही क्षण ४०-५० अँपिअर किंवा त्याहून जास्त खेचते, तुलनेला दोन हॅलोजन हेडलाइट मिळून साधारण ९-१० अँपिअर घेतात. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की कंट्रोलर मोटर सोडून देतो आणि दिवा लावतो. नवीन बॅटरी टाकली आणि दोन आठवडे गाडी मस्त, मी सगळ्यांना सांगितलं बॅटरीच होती. पंधराव्या दिवशी जोरदार पावसात परत दगड. इथे मला बरेच दिवस कोडं पडलं होतं की बॅटरी कारण नव्हती तर मग दोन आठवडे बरं का वाटलं. उत्तर नंतर मिळालं. बॅटरी बदलताना माइनसची केबल हलवली गेली, तिच्या दुसऱ्या टोकाचा गंज थोडा घासला गेला, तेवढ्यापुरता संपर्क सुधारला. कुठलाही पार्ट बदलल्यावर लगेच बरं वाटलं तर तोच पार्ट खराब होता असं धरू नका, तो पार्ट काढताना दुसरं काय काय हललं तेही बघा.

दुसऱ्या गॅरेजने स्कॅनर लावला, लो व्होल्टेजचा (व्होल्टेज कमी पडल्याचा) जुना एरर कोड निघाला, तो डिलीट केला आणि कॉलमचं कोटेशन दिलं. कोड लो व्होल्टेजचा आणि इलाज कॉलमचा, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. तुमच्या गाडीला स्कॅनर लावतील तेव्हा कोड डिलीट करायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा, आणि कोड आत्ताचा आहे की जुना साठलेला ते विचारा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ब्लूटूथचे स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतात, त्यात काही दिसलं नाही म्हणजे ईपीएस ठीक आहे असं अजिबात नाही, कंट्रोलरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो.

शेवटी भांडुपला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत त्यांना नोट दाखवली. त्यांनी बॅटरीबद्दल काहीच विचारलं नाही, माइनसची केबल बॉडीला कुठे लागलीय तेवढं विचारलं. मग त्यांनी सांगितलेली टेस्ट मी रविवारी घरीच केली, ज्यांच्याकडे साधा मल्टिमीटर आहे त्यांनी जरूर करा. मीटर डीसी २० व्होल्टवर. आधी गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी बघा, १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज. इंजिन चालू करून १३.८ ते १४.५ म्हणजे अल्टरनेटर ठीक (हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा हलतो). माझे दोन्ही आकडे छान होते आणि इथेच बहुतेक जण थांबतात.

खरी टेस्ट पुढे आहे. एक टोक बॅटरीच्या माइनसच्या खुंटावर, केबलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावर, आणि दुसरं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या लोखंडावर, मी स्ट्रटच्या बोल्टवर टेकवलं. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, एसी आणि हेडलाइट चालू, आणि मुलगी आत बसून स्टेअरिंग फिरवत होती. दोन्ही टोकं माइनसच आहेत, त्यामुळे मीटरवर जवळपास शून्य दिसायला पाहिजे, ०.२ च्या आत असेल तर चांगलं. आमच्याकडे स्टेअरिंग सरळ असताना ०.३ होतं आणि मुलीने फुल टर्न मारला की आकडा उड्या मारायला लागला, कधी १.५, कधी ३ च्याही वर, आणि तिसऱ्यांदा पिवळा दिवा लागला, माझ्या डोळ्यासमोर. दोन वर्षं जो चोर सापडत नव्हता तो असा रविवारी दुपारी सापडला. करंट प्लसमधून मोटरपर्यंत जातो तसा बॉडीतून माइनसला परत यावा लागतो, आणि परतीच्या वाटेवर गंज असेल तर तिथेच दोन-तीन व्होल्ट खाल्ले जातात, बॅटरीवर १४ दिसतात आणि कंट्रोलरला ११ सुद्धा मिळत नाहीत. ओल आली की अजून बिघडतं, म्हणून पावसात जास्त.

बॅटरीचा ट्रे काढला तर खाली माइनसच्या केबलची पट्टी जिथे बॉडीला बोल्टने लागते तिथे हिरवट-पांढरी पावडर, बोल्ट हाताने हलत होता. काकांनी माइनस काढून पट्टी नवीन घातली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, आणि वरून ग्रीस चोपडलं. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. इंजिनपासून बॉडीला जाणारी दुसरी पट्टीही घासून घेतली, अल्टरनेटर इंजिनवर असतो म्हणून तीही तितकीच महत्त्वाची. परत मीटर लावला, फुल टर्नला ०.०८. हाच प्रकार प्लसच्या बाजूलाही होऊ शकतो, बॅटरीपासून ईपीएसच्या मोठ्या फ्यूजपर्यंत आणि तिथून पुढे कनेक्टरमध्ये, फ्यूजच्या पायाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं दिसलं तर तिथे संपर्क ढिला आहे. कंट्रोलरचे पिवळे-काळे कनेक्टर स्वतः ओढू नका, बॅटरी काढून इलेक्ट्रिशियनलाच करू द्या, एअरबॅगच्या वायरी त्याच भागात असतात.

कॉलम कधीच खराब नसतो असं मी म्हणत नाही. स्टेअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढत असेल, डावीकडे हलकं आणि उजवीकडे जड असेल, तर टॉर्क सेन्सरचा संशय घ्यायला जागा आहे, तो सेन्सर आपण किती जोर लावतो ते मोजतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये कॉलमबरोबरच येतो. खड्ड्यातून जाताना किंवा उभ्या गाडीत स्टेअरिंग जरा जरा हलवल्यावर खट-खट येत असेल तर मोटर आणि गिअरच्या मधलं छोटं रबरी कपलिंग झिजलेलं असू शकतं, तो तुकडा बऱ्याच गाड्यांसाठी सुटा मिळतो, त्यासाठी आख्खा कॉलम नको. पण पॉवर आणि अर्थिंग (माइनसची परतीची वाट) मोजून दाखवल्याशिवाय कोणी कॉलम बदला म्हणाला तर ऐकू नका, मोजलेला आकडा मागा.

हायड्रॉलिकवाल्यांसाठी आमच्या दादाच्या जुन्या डिझेल गाडीचं सांगतो. त्याला वळताना घूंऽऽ असा आवाज यायचा, गॅरेजवाला दर महिन्याला ऑइल टॉपअप करून द्यायचा आणि दादा समाधानी. अरे पण ऑइल जातंय कुठे, ते इंजिनसारखं जळत नाही, बंद सिस्टिम आहे, कमी झालं म्हणजे गळतंयच. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला तर सकाळी कोरडा. मग रॅकच्या दोन टोकांना जे घड्यांचे रबरी बूट असतात ते लिफ्टवर दाबून बघितले, डाव्या बुटात ऑइल भरलेलं, म्हणजे रॅकचं सील गेलं होतं आणि गळती आतल्या आत साठत होती. रॅकचं सील किट टाकून काम झालं. पण तोवर कमी ऑइलवर, हवा खेचत चालून चालून पंपही ओरडायला लागला होता, तो पुढे बदलावा लागलाच.

त्यातून शिकलेलं, डबीतल्या ऑइलकडे बघा. फेस किंवा दुधाळ म्हणजे हवा जातेय, बहुतेक डबीपासून पंपाकडे जाणाऱ्या जाड पाइपच्या क्लिपमधून, तिथून बाहेर थेंब न पडताही हवा आत ओढली जाते. काळं आणि जळका वास म्हणजे बदलायला झालंय. कुठलं ऑइल ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), काहींना हिरवं वेगळं, एकमेकांत मिसळू नका. आणि ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, पॉवर स्टेअरिंगची रबरं त्याने फुगून मऊ पडतात आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळी सीलं जातात. ऑइल बदलल्यावर हवा काढायची ती चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, पंधरा-वीस वेळा सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवून, मगच इंजिन चालू. फुल टर्नला पाच सेकंदापेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप सगळ्यात जास्त तिथेच तापतो. आणि पाण्यातून गाडी काढल्यावर वळताना किंचाळल्यासारखा आवाज आणि स्टेअरिंग झटके देत जड, तर पंप नाही, बेल्ट ओला होऊन घसरतोय. वाळल्यावर गेला तरी बेल्टचा ताण आणि चकाकी बघून घ्या.

पाण्याचा विषय निघालाय तर, मुंबईत हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, इथे पाणी भरल्याचं कळल्यावर गाडी घालूच नका. कॉलमवरची मोटर उंचावर असते, पण ज्या गाड्यांची ईपीएस मोटर खाली रॅकवर आहे त्यांना पाणी थेट पोचतं, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी महिन्या-दोन महिन्यांनी गंज होऊन त्रास देतं, तोपर्यंत आपण पूर विसरलेले असतो.

आणि रस्त्यात झालं तर घाबरू नका. पॉवर गेली तरी स्टेअरिंग चाकांना लोखंडाने जोडलेलंच असतं, गाडी वळते, फक्त जोर लागतो आणि स्पीड कमी केल्यावर जास्त लागतो, यू टर्नला तर खूपच. दोन्ही हातांनी घट्ट धरा, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, चालत्या गाडीत इंजिन बंद करून रीस्टार्ट करायचा प्रयत्न अजिबात करू नका, ब्रेकची मदतही जाते. बाजूला उभी केल्यावर बंद करून अर्धा मिनिट थांबा मग चालू करा. पण जड होण्याऐवजी स्टेअरिंग ढिलं लागतंय, खूप फिरवल्यावर चाक वळतंय, किंवा मधेच अडकतंय, तर तो वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे, टाय रॉड, बॉल जॉइंट (चाकाकडचे सांधे) किंवा शाफ्ट, तिथून पुढे एक किलोमीटरही चालवू नका, टो करा.

मी आता दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो माइनसचा बोल्ट उघडतो, घासतो, आवळतो, ग्रीस लावतो, आणि मुलीला आत बसवून फुल टर्नला मीटर बघतो. या मे मध्ये ०.०९ आला.